पेजेचा वास

माझं काम सांगण्याचं. कारखान्यातल्या कुठल्या पिंपात काय आहे, ते अंगावर उडालं तर काय होतं, छातीत गेलं तर काय होतं, हे तिथे काम करणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगायचं आणि त्याची सही घ्यायची. खेडच्या अलीकडे डोंगर कापून वसवलेल्या औद्योगिक वसाहतीत त्रिकूट इंटरमीडिएट्स नावाचा आमचा कारखाना आहे, तिथे मी, शलाका आंब्रे, बावीस वर्षं हेच करतेय.

प्रत्येक रसायनाचं सोळा कलमांचं माहितीपत्रक असतं. ते मी मोठ्याने वाचायची. तिसऱ्या कलमाला पहिली जांभई यायची, सातव्याला कोणीतरी चहाची चौकशी करायचं आणि अकराव्या कलमापर्यंत समोर कोणी जागं नसायचं. खरं सांगायचं तर मीही नसायची. विश्राम भुवड तर पहिल्याच ओळीला खिशातून पेन काढायचा.

"सही कुठं करू, मॅडम?"

"अहो, आधी ऐका तरी!"

"तुमी सांगताय म्हंजे बरोबरच असनार. सही सांगा."

मला तेव्हा या बोलण्याचं बरं वाटायचं. माणसाचा आपल्यावर विश्वास आहे, असं वाटायचं. आता ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

दोन हजार एकोणचाळीस साली कायदा बदलला. नुसती सही म्हणजे कामगाराला धोका कळला, हे सरकारने अमान्य केलं. वायू गळला तर माणूस सहा सेकंदांत दाराबाहेर गेला पाहिजे, तरच त्याला कळलं असं धरायचं. आमच्याकडे तर पंचाईत मोठी होती. आमचं मुख्य रसायन बी-सात. त्याला वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. जास्त गेलं तर दहा-बारा तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. भोंगे लावून झाले, पण भोंगा वाजला की लोक आधी एकमेकांकडे बघतात, "खरा की सरावाचा?" म्हणतात, मग हलतात.

त्यावर आली ती चमकी. सरकारी नाव घ्राणसूचक, पण नाकात घालायची इवलीशी वस्तू, तिला चमकीच म्हणणार. मिशा राखलेले गडी चमकी घालून फिरायला लागले तेव्हा बायकांनी महिनाभर त्यांना नव्या नवऱ्या म्हणून छळलं. ही चमकी हवेतला बी-सात जेवढ्याने अपाय होतो त्याच्या शंभराव्या भागातच ओळखते आणि मेंदूच्या तळाशी वासाचं जे केंद्र असतं तिथे बारीकसा विजेचा इशारा पाठवते. नाकातून काहीच जात नाही, तरी माणसाला वास येतो. सर्दीने नाक चोंदलं असलं तरी येतो, कारण चमकी नाकाला विचारतच नाही.

कुठला वास द्यायचा, यावर सगळं अडलं होतं. आधी सगळ्यांना जळक्या रबराचा दिला. तीन महिन्यांत लोक त्याला सरावले. रासायनिक कारखान्यात घाणेरड्या वासाचं कोणाला काय कौतुक! मग संशोधकांनी शोधून काढलं की मेंदू घाणीला सरावतो, पण आपल्या माणसाच्या वासाला सरावत नाही. तो आला की मान वळतेच. म्हणून प्रत्येकाने आपला एक वास निवडायचा, डोक्यावर तारांची टोपी घालून तो खराखुरा वास घ्यायचा आणि त्या वेळी मेंदूत जे उमटेल ते चमकीत भरायचं. मग पंधरा दिवस रिकाम्या खोलीत सराव करायचा, वास आला की दार गाठायचं. पायांनाच सवय लागते.

विश्रामने पेजेचा वास निवडला. साधी उकड्या तांदळाची पेज, पण बायकोच्या हातची.

"ड्युटीवरनं गेलो की दारातच वास येतो," तो म्हणाला. "मग पाय थांबत नाय आपला."

रंजिता, त्याची बायको, नोंदणीला स्वतः आली. टोप, तांदूळ, ऐनाची लाकडं, सगळं डोक्यावर घेऊन आली. मी तिला विजेची शेगडी दाखवली तर तिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"अवो, ह्याच्यावरच्या पेजेला कसला वास येनार? चुलीबिगर नाय व्हायची."

रसायनांच्या कारखान्यात चूल! आमचे मॅनेजर खुर्चीतून पडायचेच बाकी होते. शेवटी आगीचा सराव करायचं मागचं मैदान सुचलं. अख्ख्या कारखान्यात जाळ करायला परवानगी असलेली तेवढीच जागा. तिथे तीन दगड मांडले, दोन बाजूंना दोन बंबवाले पाण्याचे पाइप धरून उभे राहिले आणि मध्ये रंजिता फुंकणीने जाळ करत बसली.

"तुमी कशाला उबे? बसा की," ती त्यांना म्हणाली. "मी काय कारखाना पेटवायला आलेय?"

पेज होईतो तिने तिथेच पाट्यावर लसूण ठेचली. मग कमरेचं फडकं काढून त्याने टोप धरला आणि नोंदणीच्या खोलीत आणला. झाकण काढलं तसा वास खोलीभर पसरला. पडद्यावरची हिरवी रेघ अशी उसळली की वरच्या चौकटीला लागली. विश्राम टोपीच्या तारांत लाजून बसला होता. बंबवाल्यांसकट आम्ही सगळ्यांनी ती पेज खाल्ली. मी दोनदा घेतली.

माझीही चमकी तेव्हाच झाली. माझी मुलगी ओजस्वी केस धुऊन तशीच ओल्या केसांनी आली आणि माझ्यासमोर पाठ करून बसली. "आई, पटकन हुंग, मला उशीर होतोय," म्हणाली. पुढच्या वर्षी ती कॅनडाला गेली.

रंजिताही गेली, पण वेगळ्या गावाला. श्रावणात, लावणी आटोपल्यावर तिला ताप आला. शेतातल्या चिखलातून होणारा लेप्टो निघाला. पाचव्या दिवशी संपली.

बाराव्याला मी त्यांच्या घरी गेले. माझ्या पर्समध्ये एक फॉर्म होता. ज्या माणसाचा वास चमकीत आहे ते माणूस गेलं, तर पंधरा दिवसांत वास बदलून घ्यायचा, असा नियम आहे. ओढीचा वास आपल्याला दाराकडे नेतो, तो दारापलीकडे कोणीतरी आहे म्हणून. ते कोणी नसेल तर वास कुठे नेईल, याची शाश्वती नाही. शिवाय जुना वास पुसल्याशिवाय नवा भरता येत नाही, आणि पुसलेला परत मिळत नाही. चमकी कारखान्याबाहेर चालत नाही. सुरुवातीला चालायची, तेव्हा शहरांत लोक घरीच वास लावून बसायला लागले, जेवणखाण विसरले, म्हणून ते कायद्यानेच बंद केलं.

विश्राम ओटीवर बसला होता. आतली चूल थंड, तिच्यावर टोप पालथा.

"कामावर कंदी येऊ, मॅडम?" त्याने विचारलं. "घरात आता कसलाच वास नाय. तिकडं एकांदा येल तरी."

मी फॉर्म काढलाच नाही. चहा घेतला आणि उठले. पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. दया केली असं मी स्वतःला सांगत होते. दया करण्यासाठी मला नेमलेलं नाही, हे सोयीस्कर विसरले.

आठ महिन्यांनी वार्षिक अहवालासाठी नोंदी उघडल्या. वास कधी आला आणि माणूस दाराबाहेर कधी गेला, दोन्ही चमकी टिपून ठेवते. विश्रामच्या ओळीत आकडे होते: चार, चार, पाच, चार. मग श्रावण. मग नऊ, चौदा, एकवीस, अडतीस. शेवटचा, मागच्या मंगळवारचा, बावन्न सेकंद.

बी-सातच्या नळ्यांची सांधेजोड बदलायचं काम कोणालाच आवडत नाही, तिथे थोडी गळती होतेच. तोंडावर पूर्ण मुखवटा असला तर चमकीला हवाच मिळत नाही, वास येत नाही. मी कामाच्या वाटपाचे कागद पाहिले. श्रावणापासून प्रत्येक वेळी ते काम विश्रामने मागून घेतलं होतं. आणि प्रत्येक वेळी त्याला वास आला होता.

चहाच्या सुट्टीत मी त्याला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मुखवटा काढता तुम्ही तिथे."

मी पडदा त्याच्याकडे वळवला.

"विश्राम, बावन्न सेकंद! मराल एक दिवस!"

"काढत नाय, मॅडम. जरासा सैल करतो." त्याने हाताच्या बोटांनी हनुवटीखाली फट दाखवली. "मना म्हाईत हाय ते इख हाय. तुमीच तर सांगितलात. पन ती मागं उबी असल्यासारकी वाटते वो. वळून बगितला तर नाय. म्हनून मी वळत नाय. तसाच उबा ऱ्हातो."

माझे डोळे भरले, पण मला रागही आला होता, आणि तो जास्त माझ्यावरच होता. वास बदलावा लागेल, म्हणाले. आजच.

"तुमचा किती हाय?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"सेकंद."

मी स्वतःची ओळ कधी पाहिली नव्हती. त्याच्यासमोरच उघडली. चार, चार, पाच. मग ओजस्वी गेली तो महिना. मग अकरा, सोळा, एकोणीस. मी अधिकारी, मला गळतीच्या जागी जायचं कामच काय? तरी महिन्यातून तीनदा पाहणीच्या निमित्ताने मी तिथे जात होते. मला वाटत होतं मी फार काटेकोर आहे.

 मग मी उठले आणि आधी माझा वास पुसला. त्याला सांगायचं तर माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता. ओजस्वीचे ओले केस शेवटचे तीस सेकंद आले, कायद्याने तेवढीच चाचणी देता येते, आणि गेले. त्या जागी मी उतू गेलेल्या दुधाचा वास भरला. तो आला की जगातली कुठलीही बाई धावतेच, तिथे ओढबिढ लागत नाही.

त्यावर विश्रामसुद्धा हसला. मग गंभीर झाला.

"मना आठ दिवस द्या. घरी रोज पेज करतो मी. तांदूळ तोच, टोप तोच, तीच लाकडं. पन तिचा वास येतच नाय. काय चुकतंय ता एकदा कळूदे. तुमी ती खाल्लीत, तुमाला म्हाईत हाय. तुमी सांगा. मग बिनदिक्कत पुसा."

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मी त्याला त्याच दिवशी बी-सातवरून काढून गोदामात पाठवलं आणि आठ दिवस दिले. बाकीच्यांच्या नोंदीही तपासल्या. दोनशे बारा माणसांत एकतीस जणांचे सेकंद वाढत होते, आणि त्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी गेलं होतं, वर किंवा परदेशी. ते सगळं मुख्य कार्यालयाला लिहून कळवलं.

आठव्या दिवशी सकाळी विश्रामने मागच्या मैदानात तीन दगड मांडले. तेच दोन बंबवाले पाइप धरून उभे राहिले. या वेळी कोणी थट्टा केली नाही. विश्रामने जाळ केला, पाट्यावर लसूण ठेचली आणि टोप उतरवायला खांद्यावरच्या पिशवीतून एक फडकं काढलं. रंजिताचंच ते. आठ महिन्यांत त्याने ते धुतलं नव्हतं.

खोलीत आणून त्याने टोप टेबलावर ठेवला. मी त्याच्या डोक्यावर टोपी चढवली. पेजेत काय कमी पडतंय ते पडद्यावर कळेल, असं मला वाटलं होतं. मग मी झाकण काढलं.

रंजिता आत आल्यासारखं वाटलं मला. तसूभर फरक नव्हता. तोच धूर, तोच तांदूळ, तीच लसूण, आणि त्या फडक्याचा तेलकट, घामट, चुलीपुढच्या बाईचा वास. मी विश्रामकडे पाहून हसले. त्याने मान हलवली.

"बगा. नाय ना येत तसा?"

मी पडद्याकडे पाहिलं. हिरवी रेघ सपाट होती.

तार सुटली असेल म्हणून मी सगळ्या तारा दाबून पाहिल्या. टोपी त्याच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर घातली. रेघ वरच्या चौकटीला लागली. परत त्याला घातली. सपाट. लसणीची वाटी त्याच्या नाकाशी धरली. स्पिरिटची बाटली उघडून धरली, ज्याने माणूस मागे सरकतो. तो शांतपणे माझ्याकडे बघत बसला होता. चमकी आल्यापासून कारखान्यात चमकीची तपासणी होते, नाकाची बंद झाली. चमकी नाकाला विचारत नाही, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

मी टोपी काढून ठेवली आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"विश्राम, पेज तशीच झालीय. अगदी तशीच."

"मग?"

"पहिल्या दिवसापासून तशीच होत असणार. तुमचं नाक गेलंय."

त्याला कळायला वेळ लागला. बाहेर मैदानात बंबवाले विस्तवावर पाणी मारत होते, त्याचा चर्र आवाज आला.

"कशानं?"

"बी-सातने. थोडं थोडं नाकात जात राहिलं तर आतलं अस्तर जळतं. अकराव्या कलमात लिहिलंय."

"वाचा."

मी कपाटातून त्याची फाइल काढली. बावीस वर्षांत कोणी मला वाचा म्हटलं नव्हतं. मी वाचलं: "वारंवार संपर्क आल्यास नाकाच्या अस्तराला कायमची इजा होऊन वास घेण्याची क्षमता जाऊ शकते." खाली त्याच्या सह्या होत्या, दर वर्षाची एक. प्रत्येक सहीशेजारी माझी.

"परत याचा नाय?"

"नाही." मला काहीतरी वेगळं सांगावंसं फार वाटलं. पण माझं काम सांगण्याचं. "नाही येणार, विश्राम. आणि मी श्रावणातच तो फॉर्म पुढे केला असता तर कदाचित गेलंही नसतं. तो माझ्या पर्समध्ये होता, मी काढला नाही."

 तो चिडेल, ओरडेल, असं वाटत होतं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमी काढला असतात तरी मी सही केली नसती," तो म्हणाला. "ती हाय म्हनून मी तिथं उबा ऱ्हायलो. आनि उबा ऱ्हायलो म्हनून घरातल्या पेजेतली पन ती गेली."

ज्याला वास येत नाही त्याच्या चमकीत नवा वास भरता येत नाही. म्हणजे चमकी काढायची, माणसाने कायमचं गोदामात जायचं. काढण्याआधी शेवटची चाचणी, तीस सेकंद. मी कागद पुढे केला. त्याने पेन काढलं नाही. "सगळा वाचा," म्हणाला. मी सगळा वाचला. मग त्याने सही केली.

मी वाडग्यात पेज वाढली आणि त्याच्या हातात दिली.

"चालू करू?"

त्याने मान हलवली. मी बटण दाबलं.

नियमाने वास आला की त्याने उठून दार गाठायचं. दार चार पावलांवर होतं, उघडं. तो उठला नाही, मी घड्याळ पाहिलं नाही. त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांपूर्वीचं ते लाजणं आलं. वाडगा दोन्ही हातांनी धरून तो तसाच बसला. मग यंत्रावरचा दिवा विझला.

"गेला," तो म्हणाला.

मी चमकी काढून डबीत ठेवली.  तो वाडग्यातल्या पेजेकडे बघत होता.

"अजून गरम हाय ना?"

"हो, वाफ येतेय."

"तुमाला येतोय वास?"

"येतोय."

त्याने गळ्यातला टॉवेल सारखा केला आणि पाठ भिंतीला टेकवली.

"मग सांगा, मॅडम. सावकाश सांगा. मना घाई नाय."

मी स्टूल जवळ ओढलं. वाडग्यावर वाकले आणि खोल श्वास घेतला.

"आधी धूर आहे," मी म्हणाले. "ऐनाचा. थोडासा तुरट."

"हां."

"त्याच्या खालून तांदूळ. त्यात लसूण अशी मिसळलीय की वेगळी काढता येत नाही. लसूण पेजेत नाहीच, ती ठेचलेल्या हाताला आहे."

विश्रामने पहिला घोट घेतला.

"फुडं?" तो म्हणाला.